नरारा येथील सागरी गवत: आधी लावावे की आधी मोजावे?

रावपुरा_शिक्षिका

नमस्कार. मी बडोद्यात उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. गेल्या माघात वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन आम्ही अकरावीच्या बावीस विद्यार्थ्यांना कच्छच्या आखातातील, जामनगरजवळच्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायला नेले होते. प्रवाळ आणि खेकडे पाहावेत एवढाच मूळ हेतू होता. पाणी मागे सरल्यावर खडकांच्या अलीकडे, घोटाभर पाण्यात, वाळूमिश्रित चिखलावर हिरव्या पानांची एक विरळ जाळी पसरलेली दिसली. पाने जोडीजोडीने उगवलेली, लांबट गोल, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी होती. एका विद्यार्थिनीने बोटाने वाळू हलकेच बाजूला केली, तेव्हा खाली पांढऱ्या दोऱ्यासारखे आडवे खोड निघाले. त्याच्या प्रत्येक पेऱ्यातून वर पानांची एक जोडी गेली होती आणि खाली एक मूळ उतरले होते. आम्ही वाळू पुन्हा सारखी केली आणि छायाचित्रे तेवढी घेतली.

सोबतच्या वाटाड्याने हे शेवाळ असल्याचे सांगितले. परंतु शेवाळाला खरी मुळे नसतात हे आम्ही त्याच महिन्यात वर्गात शिकलो होतो, त्यामुळे मुलांचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही.

परत आल्यावर एका हितचिंतकांनी, पुढच्या वर्षी मुलांच्या हातून तिथे हे गवत लावून घ्यावे, खर्च मी करतो, असे सुचवले आहे. माझा कल मात्र दरवर्षी त्याच ठिकाणी जाऊन नोंदी ठेवण्याकडे आहे. यातले काय योग्य ठरेल, आणि शाळकरी मुलांनी ठेवलेल्या नोंदींना शास्त्रीय मोल असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फतेहगंज_निवृत्त

बाई, नमस्कार. आपल्या विद्यार्थ्यांची शंका योग्य होती. आपण केलेल्या वर्णनावरून ते शेवाळ नसून हॅलोफिला ओव्हॅलिस हे सागरी गवत असावे. छायाचित्र मोठे करून पानाच्या मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या आडव्या शिरा दिसतात का ते पाहावे. त्या स्पष्ट दिसल्या तर शंका उरणार नाही. कच्छच्या आखातात हॅलोफिला बेकारी ही जातीही आढळते, पण तिच्या पानांना आडव्या शिरा नसतात आणि निमुळत्या पानांचा झुबका लहानशा खोडाच्या टोकाशी असतो. तिसरी जात म्हणजे हॅलोड्यूल युनिनर्व्हिस. तिचे पान लांब आणि फितीसारखे अरुंद असते, आणि भिंगाखाली टोक पाहिले तर दोन्ही कडांना एकेक दात व मध्ये तिसरा बोथट दात दिसतो. या दातांवरून जात ओळखायची असल्यामुळे मासळ्यांनी कुरतडलेले जुने पान उपयोगाचे नाही, कोवळे आणि अखंड पान पाहावे लागते.

वर्गात सांगण्यासारखी एक गोष्ट अशी की, हॅलोफिला ही आपल्या तळ्यांतल्या हायड्रिलाच्याच कुळातली आहे. काचपात्रातील पाण्यात उपडे नरसाळे ठेवून ज्या हायड्रिलातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघताना आपण मुलांना दाखवतो, तिचेच हे खाऱ्या पाण्यात राहणारे भावंड आहे. गवत हे नाव केवळ रूपावरून पडलेले आहे, खऱ्या गवताच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. त्याला फुले येतात, परागण पाण्यातूनच होते आणि फळातील बारीक बिया वाळूत पडून राहतात. या बियांचा मुद्दा आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे. हॅलोफिला झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने नाहीशी होते. एखाद्या पावसाळ्यानंतर ती जागा उघडी दिसली तर ती मेली असे समजू नये, वाळूतील बियांतून आणि उरलेल्या खोडांतून ती पुन्हा उठू शकते. जे स्वतःहून येते आणि जाते, ते एकाच भेटीवरून कमी झाले की वाढले हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून माझे मत निःसंशय आपल्या बाजूचे आहे.

आणखी एक सांगतो. तो सारा परिसर १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेला आहे. तिथून एक पानही उचलायचे किंवा तिथे काही लावायचे तर वन खात्याची वेगळी परवानगी लागेल, सहलीची परवानगी त्यासाठी पुरत नाही.

अलकापुरी_१७

वरील मताचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार १९८० नंतर दरवर्षी सुमारे ११० चौरस किलोमीटर सागरी गवत नष्ट होत आले आहे, आणि १८७९ पासूनच्या नोंदी धरल्या तर ज्ञात क्षेत्रापैकी २९ टक्के गेले आहे. हे गवत कार्बन गाळात शेकडो वर्षे गाडून ठेवते, मासळीच्या पिल्लांना आसरा देते आणि समुद्रगाईचे तर ते अन्नच आहे. असे असताना आपण मोजतच बसलो तर लावणार कधी? कोणी खर्च करायला तयार असेल तर ती संधी घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

गोत्री_किनारा

अलकापुरीकर, आपली तळमळ मला पटते, कारण मी स्वतः तमिळनाडूच्या पाल्क उपसागरात लावणीच्या कामावर दोन हंगाम होतो. तिथे काय केले जाते आणि ते केव्हा फसते, हे जरा सविस्तर लिहितो.

तिथे बांबूची चौकट बांधतात आणि तिच्यावर काथ्याच्या दोऱ्या आडव्या-उभ्या ताणतात. जवळच्या दाट कुरणातून सायमोडोसिया किंवा सिरिंगोडियम या सागरी गवतांची खोडासकट लहान रोपे काढतात. ती एकाच जागेतून काढायची नाहीत, लांब लांब अंतरावरून थोडी थोडी घ्यायची, म्हणजे मूळ कुरणाला खळगा पडत नाही. रोपे दोऱ्यांना सैल गाठीने बांधतात, मुळे ओली राहावीत म्हणून हे सारे सावलीत आणि भराभर करावे लागते, आणि मग पाणबुडे ती चौकट तळाला खुंट्यांनी पक्की करतात. बांबू आणि काथ्या कालांतराने कुजतात, तोवर मुळांनी वाळू धरलेली असावी अशी अपेक्षा असते. पद्धत साधी, स्वस्त आणि स्थानिक कोळ्यांना सहज जमणारी आहे.

पण आमच्या पहिल्या खेपेतील बऱ्याच चौकटी महिनाभरात वाळूखाली गाडल्या गेल्या. रोपे उत्तम होती आणि गाठीही व्यवस्थित होत्या, चुकली ती जागा. लाटांनी तळाची वाळू तिथे सारखी सरकत होती, आणि त्या जागेवर आधी गवत का नव्हते हा प्रश्न आम्ही पुरेसा विचारलाच नव्हता. गवत नसलेली जागा ही बहुधा गवताला न मानवणारी जागा असते, हे तेव्हा आम्हाला उमगले. हा अनुभव एकट्या आमचा नाही. जगभरातील १,७८६ लावणी-प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जगण्याचे प्रमाण ३७ टक्के निघाले. ज्या प्रयोगांत एक लाखाहून अधिक रोपे किंवा बिया वापरल्या गेल्या, त्यांना अधिक यश आले, कारण मोठ्या पट्ट्यात गवत एकमेकांना आधार देते, लाट मंदावते आणि गाळ खाली बसतो. बावीस विद्यार्थ्यांनी एका ओहोटीत लावलेल्या मूठभर रोपांना तो आधार मिळणार नाही.

यशाचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचे आहे. तिथले झोस्टेरा मरीना हे गवत १९३० च्या दशकात आधी रोगाने आणि मग १९३३ च्या चक्रीवादळाने पुरते नाहीसे झाले आणि त्याच्यासोबत तिथला स्कॅलप शिंपल्यांचा धंदाही बुडाला. १९९९ पासून संशोधकांनी तिथे सात कोटींहून अधिक बिया पेरल्या. पेरलेले क्षेत्र सुमारे २१३ हेक्टर होते आणि त्याचे पसरून ३,६१२ हेक्टर झाले. हे का जमले? रोग ओसरला होता, पाणी स्वच्छ होते आणि उणीव होती ती केवळ बियांची, कारण जवळपास बी पुरवणारे कुरणच उरले नव्हते. कारण ओळखून त्यावरच उपाय केला म्हणून तो लागू पडला.

नराऱ्याला ही परिस्थिती नाही. तिथे गवत आहे, म्हणजे बीही आहे. ते विरळ का आहे याचा शोध घ्यायला हवा. सागरी गवताला पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण दहावा हिस्सा तरी तळाशी मिळावा लागतो, आणि अनेक जातींना त्याहून बराच अधिक लागतो. कच्छच्या आखातात भरतीचे पाणी जात्याच गढूळ असते, त्यात गाळउपशाची भर पडली की गवताचा दिवस आखूड होतो. पाणी गढूळ आहे की पानांवर शेवाळ चढले आहे, वाळू सरकते आहे की माणसांची पावले पडत आहेत, यांपैकी कारण कोणते हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत तिथे रोपे नेणे म्हणजे ती मरायला पाठवणे आहे. त्या हितचिंतकांना माझी विनंती अशी की, त्यांनी तोच खर्च पाच वर्षांच्या भेटींसाठी द्यावा.

मोजण्याची पद्धत सांगतो. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये सुरू झालेल्या सीग्रास-वॉच या उपक्रमाची पद्धत स्वयंसेवकांना झेपेल अशीच बेतलेली आहे. किनाऱ्याला काटकोनात ५० मीटरच्या तीन रेषा, एकमेकींपासून २५ मीटरवर आखायच्या. प्रत्येक रेषेवर दर पाच मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट ठेवायची, म्हणजे एकूण तेहतीस चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत आधी वरून सरळ छायाचित्र घ्यायचे, मग गवताचे आच्छादन किती टक्के, कोणती जात किती, पानांची उंची किती, शेवाळ किती आणि तळ वाळूचा की चिखलाचा, हे लिहायचे. उंची मोजताना सर्वांत लांब असलेली वीस टक्के पाने सोडून द्यायची असतात, नाहीतर एखाद्या उंच पानावर नजर ठरते. चौकट रिकामी निघाली तर शून्य लिहायचे. मुलांना हे शून्य लिहिणे जड जाते, शेजारी गवत दिसत असेल तर चौकट तिकडे सरकवावीशी वाटते, आणि नेमके तिथेच शिक्षकांचे लक्ष हवे.

भेट अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, उधाणाच्या ओहोटीला ठेवावी. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे मागे जात नाही. महिना दरवर्षी तोच धरावा, आणि एकाच वेळी सहा-सातपेक्षा अधिक मुले रेषेजवळ नेऊ नयेत, कारण हॅलोफिलाची खोडे वरवर असतात आणि पायांखाली तुटतात.

अलकापुरी_१७

जागा चुकण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य करतो. एक विचारतो, उपग्रहाच्या चित्रांवरून हे सारे घरबसल्या होणार नाही का?

मकरपुरा_दूरसंवेदन

काही अंशी होईल. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात आणि त्यांतील एक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर बाजूचा चौरस असतो. पाल्क उपसागरातील दाट कुरणे त्यात दिसू शकतात. कच्छच्या आखातात मात्र पाणी गढूळ, गवत विरळ, आणि शेजारच्या खडकावर हिरवे शेवाळ असते. या दोन हिरव्या रंगांत उपग्रहाला फरक करणे कठीण जाते. शिवाय चित्र घेतले त्या क्षणी ओहोटी असावी लागते. बाईंच्या तेहतीस चौकटी अक्षांश-रेखांशासह मिळाल्या, तर चित्रातला कोणता हिरवा ठिपका गवताचा आहे हे पडताळता येईल. अशा जमिनीवरच्या नोंदींचीच आम्हाला नेहमी चणचण असते. म्हणून मुलांच्या नोंदींचे मोल विचारत असाल, तर माझ्यासारख्याला त्या हव्याच आहेत. फक्त प्रत्येक नोंदीसोबत तारीख आणि वेळ न चुकता लिहावी.

दांडिया_बाजार

या चर्चेत बडोदेकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट जोडतो. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला ओखामंडळ हा गायकवाडांच्या राज्याचा भाग होता, आणि महाराज सयाजीराव यांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली होती. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. भर प्राण्यांवर, विशेषतः मोत्यांच्या शिंपल्यांवर आणि शंखांवर होता, त्यामुळे गवताचा नकाशा त्यात शोधू नये. परंतु आखाताच्या तोंडाशी काय होते हे शतकापूर्वी कोणीतरी ठिकाणासह लिहून ठेवले म्हणून आजच्या अभ्यासकाला तुलना करता येते. बाईंच्या मुलांनी नोंदवह्यांची एक प्रत शाळेबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयातही ठेवावी, असे सुचवतो. शाळेची कपाटे दर काही वर्षांनी रिकामी होतात.

रावपुरा_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्र मोठे करून पाहिले, आडव्या शिरा स्पष्ट दिसल्या, आणि फळ्यावर मुलांनीच हॅलोफिला ओव्हॅलिस हे नाव लिहिले. हितचिंतकांशी बोलणे झाले. त्यांना प्रथम थोडे वाईट वाटले, पण पाच वर्षांचा प्रवासखर्च देण्यास ते तयार झाले आहेत.

समुद्रावर जाण्याआधी हात बसावा म्हणून गेल्या शनिवारी आम्ही प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट करून कामाठीबागेतील हरळीवर सराव केला. एकाच चौकटीकडे पाहून आठ मुलांनी एकमेकांना न दाखवता आच्छादनाची टक्केवारी लिहिली. सर्वांत कमी आकडा पंचवीस आणि सर्वांत जास्त साठ निघाला. मग चौकटीत दोऱ्या बांधून तिची पंचवीस घरे केली, प्रत्येक घर वेगळे पाहिले आणि पुन्हा लिहायला सांगितले. या वेळी आकडे पस्तीस ते पंचेचाळीसच्या आत आले. मुले जास्त आकडा देतात ती उंच गवताला भुलून, हेही त्यातून कळले. माघातील ओहोटीपर्यंत दर शनिवारी हाच सराव ठेवणार आहोत. वन खात्याकडे या वेळी अर्ज करताना सहलीऐवजी मोजणीचा उद्देश लिहिला आहे आणि काहीही उपटणार नाही असे स्पष्ट नमूद केले आहे. गोत्री_किनारा यांना एक विचारायचे आहे: रेषांची टोके पुढच्या वर्षी नेमकी सापडावीत म्हणून तिथे खुंट्या न ठोकता आपण काय वापरत होता?

गोत्री_किनारा

जवळच्या न हलणाऱ्या दोन खडकांचे होकायंत्राने कोन घ्यावेत, अक्षांश-रेखांश लिहावेत आणि प्रत्येक टोकावर उभे राहून चारही दिशांची छायाचित्रे काढावीत. मोबाईलमधील स्थान काही मीटर चुकते, पण खडक आणि छायाचित्र मिळून ती चूक बरीच भरून काढतात. माघात मी बडोद्यातच आहे. चालणार असेल तर पहिल्या मोजणीला सोबत येईन.