पिशवीतला मासा: पंधरा मिनिटं पुरे, की दोन तास थेंब-थेंब?

काचेचं_तळं:
काल क्रॉफर्ड मार्केटातून सहा निऑन टेट्रा आणले. बंद पिशवी 15-20 मिनिटं टाकीत तरंगवली, तापमान जुळल्यावर जाळीने मासे उचलून सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत. दिवा रात्रभर बंद. मेव्हणा म्हणतो, नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी दोन तास थेंब-थेंब माशांच्या पाण्यात सोडायला हवं होतं, मग मासे टाकीत. मला हे सगळं यूट्यूबचं खूळ वाटतं.

बोअरचं_पाणी:
खूळ नाही हो. आमच्याकडे, पुण्यात, बोअरचं पाणी. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा, 700 दाखवतो, दुकानदाराचं 150. निऑन मऊ पाण्यातला मासा. एकदम सोडलात तर दुसऱ्या दिवशी तळाशी आडवा. मी सोडतोच थेंब-थेंब.

काचेचं_तळं:
जड पाण्याची सवय व्हायला माशाला दिवस लागतात. दोन तासांत अशी किती होणार? आणि तुमच्या पाण्यात निऑन ठेवायचेच कशाला, गप्पी ठेवा की!

बोअरचं_पाणी:
गप्पी माझ्या आईलासुद्धा आवडत नाहीत. पण मुद्दा मान्य. तरी एकदम उडीपेक्षा पायऱ्या बऱ्या.

शेवाळ_काका:
दोघंही पिशवी किती वेळ बंद होती ते विचारतच नाही. दुकानातून तासाभरात घरी आलात तर थेंबांनी नुकसान नाही. पण मासे कोलकात्याहून दीड दिवस बंद पिशवीत आले असतील तर गोष्ट वेगळी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात तुम्ही माशाला दोन तास बसवणार! अशा वेळी तापमान बंद पिशवीतच जुळवायचं, मग लगेच बाहेर काढायचं. कोळंबी असेल तर मात्र मीही थेंबवाला.

बोअरचं_पाणी:
हे नव्हतं माहीत. मागच्या वर्षी कुरियरने मागवलेले चार रास्बोरा गेले, ते बहुधा यानेच.

नवीनच_टाकी:
माझी टाकी परवाच भरली, हायपो टाकलंय. आज मासे आणू का?

शेवाळ_काका:
नको! हायपोने क्लोरीन जातं, अमोनिया खाणारे जिवाणू येत नाहीत. त्यांना चार-सहा आठवडे द्या. पिशवी कशीही उघडलीत तरी अशा टाकीत मासा धोक्यातच.

काचेचं_तळं:
मेव्हण्याला हा धागा पाठवलाय. तो म्हणतो, काका त्याच्याच बाजूने आहेत.