सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचे (रचनेचे) निर्णय टीमनेच का घेऊ नयेत?

अर्धविराम:
आर्किटेक्चर कमिटी पंधरवड्यातून एकदा बसणार, तोवर टीमने हात बांधून बसायचं. मेसेज क्यू (सर्व्हिसेसमधले निरोप रांगेत ठेवणारी यंत्रणा) कुठली घ्यायची, यालाही मंजुरी! मंजुरी देणाऱ्याने ती सर्व्हिस कधी चालवलेली नसते. रात्री दोनला फोन वाजतो तो आमचा. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट अँड्र्यू हार्मेल-लॉ यांनी २०२१ मध्ये मांडलेली पद्धत मला पटते: निर्णय कोणीही घ्यावा, पण ज्यांना त्याची झळ बसेल आणि ज्यांना त्यातलं कळतं, त्यांना आधी विचारायचंच. सल्ला मानायची मात्र सक्ती नाही.

जुनाखांब:
झळ कोणाला बसेल हे आधी कळायला नको का? एका ऑर्डर टीमने ६४ बिटांचा आयडी जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरी साच्यात) आकडा म्हणून पाठवला. त्यांच्या जावात सगळं आलबेल. पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ५३ बिटांपुढचे पूर्णांक अचूक धरत नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात. ग्राहक स्वतःच्याच ऑर्डरवर क्लिक करतो आणि उत्तर येतं, 'सापडली नाही'. वेबवाल्यांना विचारावं हे कोणाला सुचलंच नाही. कमिटीतल्या एखाद्या जुन्या खोडाने बघताक्षणी सांगितलं असतं, स्ट्रिंग करा, म्हणजे आकडा नको, मजकूर म्हणून पाठवा.

अर्धविराम:
कमिटीपुढे चौकोन आणि बाणांची स्लाइड जाते हो! त्यात फील्डचा टाइप (आकडा की मजकूर) कुठे दिसतो? त्यापेक्षा एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे निर्णयाची लेखी नोंद) लिहा. आर्किटेक्ट मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्येच साचा दिलाय: संदर्भ, निर्णय, परिणाम. पानभर मजकूर, कोडच्याच रेपोत. पुल रिक्वेस्टवर (बदल स्वीकारण्याआधीच्या तपासणीत) वेबवालेही बघतील.

कोडकीडा:
बघतील म्हणे! आमच्याकडे निम्मे एडीआर काम उरकल्यावर लिहिलेत, आणि बरेच अजून 'प्रस्तावित'च. वर प्रत्येक टीमचा डेटाबेस वेगळा. हौसेने आणणारा नोकरी सोडून गेला, आता बॅकअप रिस्टोअर कसा करायचा ते कोणालाच येत नाही. याला स्वायत्तता म्हणायचं?

जुनाखांब:
कोडकीडा, अगदी! टीमच्या आतलं, उद्या बदलता येईल असं काहीही खुशाल ठरवा. आयडी, लॉगिन, इव्हेंटचा साचा यांना मात्र एक धनी हवाच.

अर्धविराम:
आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे कोण ठरवणार? परत कमिटीच ना? माझ्या लेखी, बदलासाठी दुसऱ्या टीमला कोड बदलावा लागला की ते बाहेरचं. तिथे त्या टीमची सही घ्या आणि कॉन्ट्रॅक्ट टेस्ट (दोन टीममधला डेटा ठरल्याप्रमाणेच आहे का ते पाहणारी चाचणी) सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत लावा. आयडीचा टाइप मशीन तपासेल, त्याला पंधरवड्याची बैठक कशाला?

जुनाखांब:
आणि ती टेस्ट लिहायचं सुचणार कोणाला?