सल्ला हवा: डेलोरियनची पुढची काच कुणाकडून बदलून घ्यावी?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८१ सालची डेलोरियन डीएमसी-१२ ही सुपरकार आहे. न्यू जर्सी टर्नपाइकवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात बसला आणि नंतरच्या कडाक्याच्या थंडीत तडा वाढत वाढत आता हातभर लांब झाला आहे, त्यामुळे काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, घरी येऊन काच बसवून देणारी मोठी कंपनी, जिच्या फोनवरील मुलीला गाडीचे नाव एकेक अक्षर फोडून सांगावे लागले. दुसरा, केवळ याच गाडीचे काम करणारे गॅरेज, जे इतके लांब आहे की गाडी ट्रेलरवर घालून पाठवावी लागेल. तिसरा, पेन्सिल्व्हेनियातील जुन्या गाड्यांचे एक वर्कशॉप, ज्यांनी दर सांगण्याऐवजी ‘आधी गाडी आणा, मग बघू’ एवढेच उत्तर दिले. काच आणि मजुरी धरून दीड हजार डॉलरच्या वर जाण्याची माझी तयारी नाही. विम्यातील डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायची रक्कम, हजार डॉलरची असल्याने क्लेम करून फारसे काही हाती लागणार नाही. कुणी अशा दुर्मिळ गाडीची काच बदलली असल्यास कृपया अनुभव सांगावा.

कोथरूडचा_बंडू
काच बदलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या स्विफ्टच्या काचेवर द्रुतगती मार्गावर असाच खडा बसला होता. कर्वे रस्त्यावरील एका मुलाने त्यात रेझिन भरून वर दिवा धरला आणि अर्ध्या तासात डाग दिसेनासा झाला. त्याने घेतलेल्या पैशांत दोघांचे जेवणही झाले नसते.

टँपाकर
आमच्या फ्लोरिडात गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असला, तर पुढच्या काचेसाठी डिडक्टिबल घेता येत नाही, असा कायदाच आहे. माझ्या लेक्ससची काच ऑफिसच्या पार्किंगमध्ये बदलून मिळाली आणि मी खिशातून एक दमडीही काढली नाही. घरी येणाऱ्या कंपनीलाच बोलवावे. दीड हजार डॉलर हा आकडा ऐकूनच मला आश्चर्य वाटले.

सव्वाशेर
मूळ प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. २.८५ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि १३० अश्वशक्ती असलेल्या गाडीला सुपरकार म्हणता येत नाही. दरवाजे वर उघडतात म्हणून गाडी सुपर होत असेल, तर आमच्या सोसायटीचे शटरही त्याच वर्गात घालावे लागेल.

एडिसनकर
सव्वाशेर, ती वेगवान नाही हे मान्य आहे. परंतु सुमारे नऊ हजारच गाड्या तयार झाल्या आणि १९८२ साली कंपनी बुडाली, त्यामुळे दुर्मिळ तर ती नक्कीच आहे. बंडूभाऊ, रेझिन लहानशा टिकलीएवढ्या खड्ड्याला चालते. तडा हातभर आहे आणि तो काचेच्या कडेपर्यंत गेला आहे.

दुबईकर_सावंत
मी लॅम्बोर्गिनी वापरतो आणि अनुभवाने सांगतो की अशा गाडीला अधिकृत एजन्सीशिवाय कुणालाही हात लावू देऊ नये. एजन्सीने माझी काच इटलीहून विमानाने मागवली आणि बिल दुसऱ्या एखाद्या गाडीच्या किमतीएवढे आले, पण काम चोख झाले. खर्चाचा हिशोब करायचा असेल, तर माणसाने अशा गाड्यांच्या वाटेला जाऊच नये.

ह्यूस्टनची_मीनल
सावंतसाहेब, कंपनीच बुडाल्यावर अधिकृत एजन्सी कुठून आणायची? मात्र आमच्या ह्यूस्टनजवळच्या हंबल गावात जी कंपनी आहे, तिने उरलेल्या सुट्या भागांचा मोठा साठा विकत घेतला होता आणि डेलोरियनचे नावही तिच्याकडेच आहे. एडिसनकर, माझा सल्ला असा आहे की आधी काच कुठून मिळते ते ठरवावे आणि गॅरेज नंतर शोधावे. काच स्वतः मागवल्यास गॅरेजवाल्याला फक्त मजुरी लावता येते. काच आली की तिच्या कोपऱ्यावर एएस१ हा सुरक्षेच्या दर्जाचा शिक्का आहे का, ते पाहावे, कारण अमेरिकेत पुढच्या काचेवर तो असावाच लागतो.

आणखी एक गोष्ट सांगते. खोका उघडून काच उजेडात धरल्याशिवाय पावतीवर सही करू नये. माझ्या यजमानांनी आमच्या जुन्या मर्सिडीजसाठी काच मागवली, ड्रायव्हर घाईत आहे म्हणून दारातच सही केली आणि संध्याकाळी खोका उघडला, तेव्हा काच एका कोपऱ्यातून गेलेली होती. ‘तुम्ही चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही केली आहे’, असे सांगून वाहतूकवाल्यांनी हात वर केले. ती काच अजून आमच्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी आहे.

नानापेठी
हल्लीच्या मुलांना काच बसवणे म्हणजे फार मोठे शास्त्र वाटते. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीची काच आमच्या गल्लीतील मिस्त्रीने भर रस्त्यात बसवली होती. काचेभोवती रबरी बीडिंग चढवायचे, बीडिंगच्या खाचेत सुतळी फिरवून तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडायची, बाहेरून एकाने तळहाताने काच दाबून धरायची आणि आतून दुसऱ्याने साबणाचे पाणी लावत सुतळी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ आपोआप पत्र्यावर बसतो. चहा येईपर्यंत काम संपते. दोन माणसे आणि एक सुतळी यांसाठी दीड हजार डॉलर देणे मला पटत नाही.

रीडिंगचा_लोटसवेडा
नानासाहेब, वर्णन वाचून आनंद झाला, पण डेलोरियनची काच बीडिंगमध्ये बसत नाही, ती युरेथेन या चिकट द्रव्याने चिकटवलेली असते. आता मुख्य मुद्दा सांगतो, कारण तो अजून कुणीच मांडलेला नाही. बाहेरून स्टेनलेस स्टील दिसते म्हणून ही पत्र्याची गाडी आहे, असे बहुतेक काचवाले समजतात. प्रत्यक्षात आत काचतंतूंच्या प्लास्टिकची, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो त्याची, बॉडी आहे आणि स्टील हे तिच्यावर बसवलेले आवरण आहे. या गाडीची तांत्रिक घडण लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीने केली आणि बॉडी तयार करण्याची पद्धतही त्यांचीच आहे. त्यामुळे काच ज्या काठावर चिकटते, तो काठ फायबरचा आहे. पत्र्याच्या गाडीत जुनी काच कापताना यंत्राची सुरी जराशी घसरली, तर रंगावर ओरखडा जातो आणि वर प्रायमर लावून भागते. फायबरमध्ये तीच सुरी काठात खोल घुसते, पापुद्रे सुटतात आणि त्या जागी नवे युरेथेन कितीही लावले, तरी ते सुटलेल्या पापुद्र्यालाच चिकटते.

माझ्या लोटस इलिसच्या बाबतीत नेमके हेच घडले. काच बसवणारा मुलगा चुणचुणीत होता, कामही झटपट झाले आणि पहिल्या पावसात माझे उजवे मोजे भिजले. पुढे महिनोन्महिने पाणी कुठून येते, हेच सापडत नव्हते. म्हणून कुठल्याही गॅरेजला पहिला प्रश्न हा विचारावा की जुनी काच कशाने कापणार. तारेने किंवा दोरीने कापणार असतील, तर बोलणे पुढे न्यावे. दुसरा प्रश्न असा की जुने युरेथेन पूर्ण खरवडून काढणार, की एक-दोन मिलिमीटरचा घट्ट थर तसाच ठेवून त्यावर नवे लावणार. थर ठेवणार, असे उत्तर आले, तर माणसाला काम कळते.

फिलाडेल्फियाचा_कॉर्व्हेटकाका
फायबरचाच प्रश्न असेल, तर चर्चा संपली. कॉर्व्हेट ही अमेरिकी स्पोर्ट्स कार १९५३ पासून फायबरची आहे आणि अमेरिकेत गल्लोगल्ली कॉर्व्हेटचे मिस्त्री आहेत. माझ्याकडे १९७८ ची आहे. ज्या माणसाने तिची काच बसवली, त्याच्याकडेच गाडी न्यावी.

रीडिंगचा_लोटसवेडा
काका, आपल्या पिढीच्या कॉर्व्हेटची कातडी फायबरची असली, तरी काचेभोवतीची चौकट पोलादी आहे. तिला तिकडे बर्डकेज म्हणतात आणि ती काचेच्या खालच्या कोपऱ्यांत गंजते, ही तर त्या गाडीची प्रसिद्ध व्याधी आहे. त्यामुळे कॉर्व्हेटचा काचवाला गंज काढण्यात तरबेज असेल. फायबरच्या काठाचा अनुभव त्याला असेलच, असे नाही.

फिलाडेल्फियाचा_कॉर्व्हेटकाका
माझ्या गाडीला गंज नाही.

रीडिंगचा_लोटसवेडा
काच काढल्याशिवाय तो दिसत नाही, काका.

टँपाकर
घरी येणाऱ्या कंपनीची आयुष्यभराची हमी असते, हे कुणी लक्षात घेत नाही, म्हणून पुन्हा सांगतो. माझ्या लेक्ससला एक थेंबही पाणी आलेले नाही.

सिनसिनाटीची_अश्विनी
मी चिकट द्रव्यांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. काचेचे युरेथेन हवेतील ओलावा शोषून घट्ट होते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हवा थंडही असते आणि कोरडीही, त्यामुळे उघड्या ड्राइव्हवेवर बसवलेली काच घट्ट व्हायला नळीवर छापलेल्या वेळेपेक्षा बराच अधिक वेळ लागू शकतो. घरी येणाऱ्या माणसाला पुढच्या घरी जायचे असते, म्हणून तो ‘तासाभराने चालवा’ असे सांगून निघून जातो. गाडी बंदिस्त आणि उबदार जागेत रात्रभर ठेवू देणाऱ्याकडेच काम द्यावे. पहिल्या दिवशी खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि दरवाजे आपटू नयेत, कारण आतल्या हवेचा दाब ओल्या चिकटीवर येतो. आपल्या गाडीला उघडणारी खिडकी म्हणजे टोलनाक्यावर पैसे देण्याएवढी फटच आहे, पण तीही पुरते.

दुसरे म्हणजे, काळे युरेथेन स्टेनलेसवर सांडले, तर ते तारेच्या घासणीने अजिबात घासू देऊ नये. लोखंडाचे कण स्टीलच्या रेघांत अडकतात आणि नंतर तेच गंजून गाडीला तांबूस डाग पडतात, मग मालक ‘स्टेनलेस कसे गंजले’ म्हणून कपाळाला हात लावतो. काम सुरू होण्यापूर्वी काचेभोवतीच्या सर्व पट्ट्यांवर कागदी टेप लावून घ्यावा. डाग पडलाच, तर धातू नसलेली घासणी घ्यावी आणि पॉलिशच्या रेघा ज्या दिशेने आहेत, त्याच दिशेने हात चालवावा.

सव्वाशेर
सुपरकारचा मुद्दा अनुत्तरित आहे, हे नमूद करतो. आता उपयोगाची एक शंका विचारतो. सुरुवातीच्या डेलोरियनमध्ये रेडिओची अँटेना काचेतच होती. आपली गाडी त्यांपैकी असेल, तर नवी काच अँटेनाची घेणार की साधी?

एडिसनकर
गाडी त्यांपैकीच आहे. त्या अँटेनावर आजवर खरखरीशिवाय काही ऐकू आलेले नाही, म्हणून साधी काच घेण्यास माझी हरकत नाही.

दुबईकर_सावंत
मूळपणा गेला की गाडीची किंमत गेली. माझ्या एजन्सीने असा सल्ला कधीच दिला नसता.

पार्ल्याचे_आजोबा
माझ्या नातवाला ‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटामुळे ही गाडी फार आवडते. काच कुठेही बदला, परंतु गाडी विकू नका.

एडिसनकर
सर्वांचे मनापासून आभार. अश्विनीताई आणि रीडिंगकर यांनी सुचवलेले प्रश्न मी तिन्ही ठिकाणी विचारले. घरी येणाऱ्या कंपनीने ‘तंत्रज्ञ आल्यावर पाहील’ असे सांगितले. लांबच्या खास गॅरेजची उत्तरे उत्तम होती, पण दोन्ही बाजूंच्या ट्रेलरचे भाडेच माझ्या रकमेचा मोठा भाग खाऊन टाकते. पेन्सिल्व्हेनियातील गृहस्थ प्रश्न ऐकून रागावले.

त्यामुळे मी चौथाच मार्ग निवडला आहे. इथून तासाभरावर बार्नेगॅट खाडीच्या काठी एक जण मोटरबोटींच्या काचा बसवतो. फायबरच्या काठावर काच चिकटवणे हाच त्याचा रोजचा धंदा आहे. डेलोरियन त्याने आजवर फक्त पडद्यावर पाहिली आहे आणि तसे त्याने मोकळेपणाने सांगितले. मी काही विचारण्याआधीच त्याने जुन्या बोटीची काढलेली चौकट समोर ठेवली, तारेने कापलेला काठ दाखवला आणि नखाने टोकरून जुना थर कुठे ठेवला व कुठे फायबरपर्यंत गेला, ते समजावले. हिवाळ्यात बोटी बंद असल्याने त्याची शेड रिकामी आणि उबदार आहे, गाडी दोन रात्री तिथेच राहील. काठाला इजा झाली तर तोच भरून देईल आणि ताबा देण्यापूर्वी पाइपने पाणी मारून दाखवेल, हे त्याने लिहून दिले आहे. हंबलहून साधी काच मागवली आहे. एकूण खर्च माझ्या आकड्याच्या शंभरेक डॉलर वर जातो, तेवढे मी सोसेन.

टँपाकर
होडीवाल्याची हमी घेऊन आपण कुणाकडे दाद मागणार?

दुबईकर_सावंत
मी यापुढे या विषयावर काही लिहिणार नाही.

ह्यूस्टनची_मीनल
काच येईल त्या दिवशी घरी थांबा आणि ड्रायव्हरसमोर खोका उघडा. तो कुरकुर करेल, पण तरीही उघडा. खोक्याचे चारही कोपरे आधी बाहेरून फोटोत घ्या.

फिलाडेल्फियाचा_कॉर्व्हेटकाका
आपला निर्णय मला मुळीच पटलेला नाही. ज्याने ही गाडी कधी पाहिलीच नाही, त्याच्या हाती ती देणे हे धाडस आहे. मात्र त्या गृहस्थांना कॉर्व्हेटचे काम चालते का, एवढे विचारून ठेवावे. परवा काचेच्या डाव्या कोपऱ्याखालचा गालिचा थोडा दमट लागला.