मदत हवी आहे: क्लायमेट ईटीएफमधली कार्बन-घट खरी की नुसती कागदावरची?

एक क्लायमेट ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा, हवामानाचा विचार करून कंपन्या निवडणारा फंड) घ्यायचा विचार आहे, पण एका मुद्द्यावर गाडी अडलीय. फंडाचा निर्देशांक युरोपीय संघाच्या पॅरिस-अलाइन्ड (पॅरिस हवामान कराराशी सुसंगत) निकषांवर बेतलेला आहे. म्हणजे मूळ बाजारापेक्षा कार्बन तीव्रता (कंपनीच्या मूल्यामागे होणारं उत्सर्जन) किमान 50 टक्के कमी आणि पुढे दरवर्षी सरासरी 7 टक्के घट.

माहितीपत्रक वाचून झालंय. खर्च आणि ट्रॅकिंग डिफरन्स (फंड आणि निर्देशांक यांच्या परताव्यातला फरक) ठीक वाटले, त्यावर प्रश्न नाही. मग पहिल्या दहा कंपन्या माझ्याकडच्या साध्या जागतिक इंडेक्स फंडाशी ताडून पाहिल्या, तर सात नावं तीच! बहुतेक तंत्रज्ञान कंपन्या, ज्यांचं थेट उत्सर्जन मुळातच कमी. तेल-कोळसा गळलाय, पण पवनऊर्जा किंवा ग्रिडवाल्या कंपन्या यादीत पार खाली शोधाव्या लागतात.

शिवाय तीव्रता काढताना उत्सर्जनाला कंपनीच्या मूल्याने भागतात. शेअर वधारला की धूर तेवढाच राहूनही आकडा खाली येतो. त्यासाठी दुरुस्तीची तरतूद नियमांत आहे, तरी माझं समाधान होत नाही.

मुदत 12 वर्षं, एकूण गुंतवणुकीच्या 10 टक्क्यांपुरतंच. निव्वळ स्वच्छ ऊर्जेचे फंड कृपया सुचवू नका, त्यातले चढउतार मला झेपणार नाहीत. परतावा थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण पैसा खरोखर उत्सर्जन घटवणाऱ्यांकडे जावा असं मनापासून वाटतं.

तर फंडाच्या घटीत कंपन्यांनी स्वतः कमी केलेलं उत्सर्जन किती आणि निव्वळ कंपन्या व त्यांचं वजन बदलल्याचा परिणाम किती, हे वेगळं काढायला नेमके कोणते आकडे पाहायचे?