उन्हाळी तिसऱ्यांदा लागली असेल तर

एका ताईंनी लिहिलंय की सासूबाईंना वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी (लघवीला जळजळ) लागली, धने-जिऱ्याचं पाणी चालू आहे. पाणी द्याच, पण तिसरी खेप म्हटल्यावर तेवढ्यावर थांबू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. माझ्या आईचा मधुमेह लघवीच्या जळजळीतूनच सापडला. तोवर आम्ही आपले मे महिन्याला दोष देत होतो.

बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, त्यामुळे ई. कोलाय जंतूंना मूत्राशय जवळच पडतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, तिथलं अस्तर पातळ, कोरडं होतं आणि संसर्ग परतपरत होतो. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, पण डॉक्टरांना विचारायचीच आपल्याकडे लाज!

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवी कल्चरला (कोणते जंतू आहेत ते पाहायच्या तपासणीला) द्या. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नकोत. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि लघवीतून रक्त गेलं, मग दुखत नसलं तरी, सोनोग्राफीबद्दल विचाराच.

सासूबाई अलीकडे असंबद्ध बोलतात का? म्हाताऱ्या माणसांत कधी कधी तेही संसर्गामुळे होतं.