मदत हवी आहे: हा टायगरफिश नक्की कुठला?

मंडळी, चार महिन्यांपूर्वी दुकानदाराने 'गोलायथ' (टायगरफिशची एक मोठी जात) म्हणून एक टायगरफिश गळ्यात मारला. तेव्हा चार इंच होता, आता सात. टाकी सहा फुटी. कोलंबीचा तुकडा पाण्याला टेकायच्या आत गायब होतो. तोंड मिटलेलं असलं तरी दात बाहेर दिसतात, त्यामुळे जात आफ्रिकन आहे याबद्दल वाद नाही. (आपल्याकडे डॅटनॉइडलाही टायगरफिशच म्हणतात. तो आशियाचा, अंगावर उभे पट्टे. हा तो नव्हे.)

शंका अशी, की अंगावर आडव्या काळ्या रेषा अगदी ठळक आहेत. शेपटीच्या आधी पाठीवर जो छोटा मांसल पर असतो ना, तो काळा कुळकुळीत. शेपूट लालसर, कडा काळी. मी वाचलंय त्याप्रमाणे काळा पर ही हायड्रोसायनस व्हिटाटस या आफ्रिकन टायगरफिशच्या जातीची खूण, फोरस्काहली या दुसऱ्या जातीचा राखाडी असतो. गोलायथ काँगो खोऱ्यातला आणि टांगानिका सरोवरातला, व्हिटाटस झांबेझीसकट बऱ्याच नद्यांत. पण हा माल कुठल्या नदीतून आला ते विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "इंपोर्टेड आहे साहेब!" झालं.

लहान वयात ही खूण भरवशाची आहे का? की खवले मोजावे लागतील? जाळीत धरायची माझी हिंमत नाही, धडपडून थोबाड फोडून घेईल. ज्यांनी गोलायथ आणि व्हिटाटस दोन्ही पाळलेत त्यांनी डोक्याच्या आकारावरून कसं ओळखायचं तेवढं सांगा. गोलायथ निघाला तर चार-पाच फुटांचा मासा मी ठेवणार कुठे?

फोटो कमेंटमध्ये टाकतोय. हलतात फार, सांभाळून घ्या.