मदत हवी आहे: लेक चांगथांगला चाललीय, कच्चं दूध आणि ब्रुसेलाची भीती

मंडळी, आम्ही वर्तकनगर, ठाण्याचे. लेक पशुवैद्यकीचं शिकते. मेअखेरीस मैत्रिणींबरोबर लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा मेंढपाळांच्या तळावर राहायला जातेय, कोरझोक गावाच्या बाजूला. उंची साडेचार हजार मीटर. पश्मिना शेळ्या, मेंढ्या, याक, सगळं एकत्र.

घरात सगळे फक्त ऑक्सिजनबद्दल बोलतात. माझा घोर वेगळाच: ब्रुसेला, म्हणजे जनावरं गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसालाही होणारा जंतू. त्या कळपात हिवाळ्यात काही शेळ्या गाभडल्या म्हणे, आणि तपासणी कुणी केलेली नाही. इतक्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. मग दूध उकळून तरी जंतू मरतात का? नवरा थट्टेत म्हणाला, कुकर दे बरोबर. मी खरंच देणार होते!

शिवाय पाहुण्यापुढे लोणी, ताजं चीज ठेवतात. नाही कसं म्हणायचं?

गोठा_ते_गच्ची (निवृत्त पशुवैद्य)
ताई, कुकर डाळीसाठी द्या, ती ८५ अंशांना शिजता शिजत नाही. ब्रुसेला मात्र मरतो. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलं तरी पाश्चरीकरण होतं. उकळी येऊ द्यायची, ढवळायचं, बस्स. कच्च्या दुधाचं लोणी आणि ताजं चीज मात्र टाळावं. "पोटाला सोसत नाही" म्हटलं की कुणी राग धरत नाही.

खरं जपायचं ते विताना. गाभडलेलं पिल्लू, वार, त्यातलं पाणी यांत जंतू खच्चून असतात आणि ते हाताच्या बारीक चिरेतून, डोळ्यातून, श्वासातूनही शिरतात. थंड, ओलसर, सावलीच्या जागी ते महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे हिवाळ्यातला प्रसंग जुना झाला असं धरू नका. आणि जनावर अचानक मेलेलं दिसलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं असलं, तर चिरफाड अजिबात नाही. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत.

उपवनकर
ती परतेल तेव्हा इथे पाऊस. ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड तपासतील, शेळ्यांचं कुणी विचारणार नाही. स्वतःहून सांगायचं. ब्रुसेलाची लक्षणं साधारण १ ते ४ आठवड्यांत दिसतात, कधी काही महिन्यांनीही: चढउताराचा ताप, रात्री घाम, कंबर-सांधे धरणं. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं तर लॅबलाही ब्रुसेलाचा संशय कळवा, तिथल्या माणसांना लागण होऊ शकते. उपचार दोन अँटिबायोटिक्सचा, निदान ६ आठवड्यांचा. ताप उतरला म्हणून मध्येच सोडला की आजार उलटतो.

गोठा_ते_गच्ची
एक राहिलं. लसीकरणात हात घालणार असेल तर जपा. वासरांना देतात ती एस-१९ लस जिवंत जंतूंची. सुई बोटात घुसली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसालाही आजार होतो. तसं झालं तर ताप येण्याची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचा. माणसांसाठी लस नाही.

धागाकर्ती
सर, खूप आभार. चष्मा, मास्क यादीत घातले. वितानाचे लांब हातमोजे ठाण्यात मिळतील का? मेडिकलवाल्याने मनगटापर्यंतचेच दाखवले.

गोठा_ते_गच्ची
जनावरांच्या औषधांच्या दुकानात खांद्यापर्यंतचे मागा. ते पातळ असतात, पटकन फाटतात, म्हणून वरून मनगटाचेही घालायला सांगा.